केळी विमा, तापीचा पूर आणि नकाशे: तालुक्याच्या बातमीला इंटरॅक्टिव्ह नकाशा कसा जोडावा?

ऐनपूरकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यात बातमीदारी करतो. आमचं एक छोटं न्यूज पोर्टल आहे. वाचक बहुतेक रावेर, यावल, मुक्ताईनगर आणि चोपड्याचे, शेतकरी घरातले, जवळपास सगळे मोबाइलवर वाचणारे.

दोन प्रकारच्या बातम्यांना नकाशाची गरज आहे असं मला फार दिवसांपासून वाटतं. पहिली, हवामानावर आधारित फळपीक विम्याची. थंडीचे किंवा उन्हाचे निकष कोणत्या महसूल मंडळात (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटात) लागू झाले याची यादी येते. आम्ही मंडळांची नावं ओळीने छापतो. लगेच खाली प्रतिक्रिया सुरू होतात, "आमनं गाव कोठे शे?" शेतकऱ्याला आपलं गाव ठाऊक असतं, तालुका ठाऊक असतो, गाव ऐनपूर मंडळात की खिर्डी मंडळात हे सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. दुसरी बातमी पावसाळ्यातली. हतनूर धरणाचे इतके दरवाजे उघडले, इतका विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. नदीकाठची म्हणजे नेमकी कोणती, आणि आत्ता की उद्या, हे बातमीतून कळत नाही.

जिल्ह्याचा रंगवलेला नकाशा चित्र म्हणून टाकला तर मोबाइलवर गावांची नावं दिसत नाहीत. म्हणून बोटाने मोठा करता येईल, आपलं गाव शोधता येईल असा नकाशा हवा. मला प्रोग्रामिंग येत नाही. एक जुना लॅपटॉप आहे आणि शिकायची तयारी आहे. मंडळांच्या हद्दी कुठून मिळवायच्या, कोणतं साधन वापरायचं, आणि लोक हा नकाशा खरंच उघडून बघतील का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

---

वाघूरकाठ यांचं उत्तर

ऐनपूरकर दादा, प्रश्न मनापासून आवडला. मी भुसावळची. पाणी आणि जमिनीचे नकाशे करणं हेच माझं काम आहे. साधनांचं नंतर सांगते, कारण साधन आठवड्यात शिकता येतं. नकाशात काय घ्यायचं आणि तो कुठपर्यंत न्यायचा, हे आधी ठरवावं लागतं.

विम्याची बातमी ही सरकारने आखलेल्या हद्दीची बातमी आहे. गाव कोणत्या मंडळात, यावरच पैसे ठरतात. तिथे हद्द अचूक हवी. पुराची बातमी मात्र हद्द जुमानत नाही, आणि आपल्याकडे नेमकी तीच जिल्ह्याच्या चौकटीत कोंबली जाते.

हतनूरचंच घ्या. धरण भुसावळ तालुक्यात, दरवाजे ४१. त्यामुळे बातमीतला नकाशाही धरणापासून खाली सुरू होतो. पण पाणी येतं कुठून? तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि बऱ्हाणपूरवरून आपल्याकडे उतरते. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून येऊन चांगदेवला तिला मिळते. तिकडे मेळघाटात, अकोल्यात रात्रभर पाऊस झाला की जळगावात कोरडं ऊन असतानाही हतनूरचे दरवाजे उचलावे लागतात. माझं माहेर मुक्ताईनगर तालुक्यातलं, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना हे पाठ आहे. बातमीत मात्र "जिल्ह्यात पाऊस नसताना नदीला पूर" असं नवलाने छापून येतं. वाचकाला त्यातलं कारण कधी दिसतच नाही.

म्हणून माझा आग्रह असा की पुराचा नकाशा धरणाच्या वरून सुरू करा. बऱ्हाणपूर, देडतलाई, चिखलदरा, गोपाळखेडा, लखपुरी, अकोला ही वरच्या अंगाची पर्जन्यमापनाची ठिकाणं ठिपक्यांनी दाखवा आणि आदल्या दिवशीच्या पावसाप्रमाणे ठिपका लहान-मोठा करा. मग हतनूर. त्याखाली शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज ओळीने, आणि शेवटी गुजरातेतलं उकाई. एवढी साखळी एका नजरेत दिसली की शिरपूरच्या आणि शहाद्याच्या वाचकालाही ती बातमी आपली वाटेल. आज भुसावळला सोडलेलं पाणी आपल्या दारावरून जाणार आहे, हे त्याला नकाशातच दिसतं.

चाळीसगावचा २०२१ चा पूर तुम्हाला आठवत असेल. ३० ऑगस्टच्या रात्री डोंगरात मुसळधार पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी या नद्या गावात घुसल्या, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. त्या दिवसांत शहरातलं पाणी दाखवणारे व्हिडिओ शेकड्याने फिरले. पण घाटमाथ्यावरच्या पावसाचा आणि खाली चाळीसगावात भरलेल्या पाण्याचा संबंध एका चित्रात मांडलेला माझ्या तरी पाहण्यात आला नाही. डोंगर एका जिल्ह्यात, शहर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि बातमीदारही दोन आवृत्त्यांचे. पाणलोटाची एक रेघ नकाशावर असती तर पाटणादेवीच्या बाजूला एवढा पाऊस झाल्यावर खाली काय होणार हे शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं. गिरणेचंही तसंच. धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात, आणि त्याच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेले चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचे शेतकरी. त्यांच्यासाठी कळवणच्या पावसाची बातमी गावातल्या पावसाइतकीच जवळची आहे.

पाणलोटाच्या हद्दी हाताने आखत बसू नका. हायड्रोबेसिन्स नावाची तयार फाइल मोफत मिळते. स्वतः काढायच्या असतील तर २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानाने केलेल्या उंचीच्या मोजणीचा, म्हणजे एसआरटीएमचा डेटा घेऊन क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येतात.

विसर्गाचा आकडा लिहिताना एकक नक्की लिहा. एक बातमी घनमीटर प्रति सेकंद देते, दुसरी क्युसेक, म्हणजे घनफूट प्रति सेकंद देते. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन आकडे वाचले की माणूस एक तर घाबरतो नाही तर दोन्हीवरचा विश्वास सोडतो. नकाशात एकच एकक ठेवा आणि गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या विसर्गाचा आकडा शेजारी द्या. नुसता "४१ दरवाजे उघडले" हा मथळा काहीच सांगत नाही. दरवाजे किती उचलले यावर सगळं असतं.

आता इंटरॅक्टिव्हपणाबद्दल. माझ्या मते वाचकाच्या हातात दोनच गोष्टी द्याव्यात: गावाचं नाव टाकून शोधायची चौकट, आणि पुराच्या नकाशात तारीख पुढे-मागे करायची पट्टी. दहा थर, बारा बटणं, तीन रंगांच्या सूची असा पसारा मांडला की शेतकरी तिथून निघून जातो आणि पुन्हा फोन करून विचारतो. नकाशा उघडताक्षणी मुख्य उत्तर समोर असलं पाहिजे. बोट लावणं त्यानंतरचं. पानावर नकाशा अख्खा पडदा व्यापेल असाही ठेवू नका, नाहीतर पान सरकवायला गेलेलं बोट नकाशाच सरकवत राहतं आणि बातमी खाली अडकते.

साधनं: क्यूजीआयएस. मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्यात क्यूजीआयएस-टू-वेब नावाचं प्लगइन टाका. ते तुमच्या नकाशाचं लीफलेटवर (वेब नकाशांच्या तयार कोडवर) चालणारं वेब पान तयार करून देतं, कोड लिहावा लागत नाही, आणि थरातल्या नावांवर शोध चौकटही लावता येते. घाईच्या दिवशी नुसता रंगवलेला नकाशा हवा असेल तर डेटारॅपर ही वेबसाइट बरी. आपल्या हद्दींची फाइल त्यात चढवता येते. त्याआधी फाइल मॅपशेपर या वेबसाइटवर टाकून हलकी करा. गावांच्या हद्दींना हजारो वळणं असतात, ती मोबाइलवर दिसत तर नाहीतच, वर पान उघडायला वेळ लावतात. मॅपशेपरमध्ये पट्टी ओढली की वळणं कमी होतात आणि शेजारच्या दोन गावांत फट पडत नाही.

मंडळांच्या हद्दींचं काम थोडं किचकट आहे, पण एकदाच करायचं आहे. गावांच्या हद्दी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर नोंदणी करून घ्या. तालुक्यातून प्रत्येक मंडळाची गावयादी मिळवा. गावाच्या तक्त्यात मंडळाचा एक रकाना जोडा आणि क्यूजीआयएसमध्ये डिझॉल्व्ह करा. एका मंडळाची सगळी गावं मिळून एक आकृती होते. मूळ गावांचा थरही ठेवून द्या, शोध त्याच्यावरच लावायचा आहे.

---

केळीबाग यांचं उत्तर

ताईंनी पाण्याचं नीट सांगितलं, मी विम्याचं सांगतो. माझी केळी निंभोरा भागात आहे.

ऐनपूरकर भाऊ, मंडळ अख्खं एका रंगात भरून मोकळे होऊ नका. स्वयंचलित हवामान केंद्र मंडळात एका जागी उभं असतं आणि त्याचं तापमान मंडळातल्या सगळ्या गावांना लावलं जातं. एक गाव तापीच्या काठाला, एक सातपुड्याच्या पायथ्याला. पहाटेची थंडी दोन्हीकडे एकसारखी कशी असेल? नदीकाठच्या खोलगट रानात केळीची पानं पिवळी पडतात, पोगा (नवं गुंडाळलेलं पान) अडकतो, आणि केंद्राच्या नोंदीत तापमान निकषाच्या वर दिसतं. म्हणून मंडळाची नुसती रेघ काढा आणि केंद्र जिथे आहे तिथे ठळक ठिपका द्या. मग शेतकऱ्याला कळेल की आपल्या बागेपासून केंद्र किती लांब आहे. तक्रार करायची तर हातात काहीतरी लागतं.

दुसरं म्हणजे मंडळावर बोट ठेवलं की रोजच्या किमान तापमानाचा आलेख उघडला पाहिजे आणि त्यावर विम्याच्या निकषाची आडवी रेघ पाहिजे. निकष सलग दिवसांचा असतो. दोन दिवस पारा खाली गेला आणि तिसऱ्या दिवशी थोडा वर आला तर सगळंच गेलं. "पात्र" आणि "अपात्र" असे दोन रंग दाखवले तर भांडणं होतात. आलेख दाखवला तर माणूस स्वतः दिवस मोजतो.

आणखी एक. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये वादळाच्या भीतीने सगळे विंडी हे हवामानाचं अ‍ॅप उघडून बसतात. तिथले रंग इतके गुळगुळीत असतात की आपल्या शेतावरचा वारा दिसतोय असं वाटतं. तो अंदाज आहे, मोजमाप नाही. त्यातलं युरोपचं मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकोनांचं, अमेरिकेचं त्याहून बरंच ढोबळ. तुमच्या नकाशात अंदाज कुठला आणि मोजलेलं कुठलं हे वेगळं दिसू द्या. एकाच रंगात दोन्ही नको.

---

अक्राणी यांचं उत्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे आरोग्याच्या कामात आहे. तुमचा विषय केळीचा आणि पुराचा आहे, पण नकाशे शिकलात की उद्या कुपोषणाच्या, साथीच्या बातम्यांनाही ते लावाल. म्हणून आत्ताच लिहिते.

आकडे रंगात दाखवताना ते लोकसंख्येशी ताडून दाखवा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२.३ लाखांचा, धुळे २०.५ लाखांचा, नंदुरबार १६.५ लाखांचा. नुसती संख्या रंगवली तर कुठल्याही आजाराच्या नकाशात जळगावच गडद दिसणार आणि नंदुरबार फिकट, मग आमच्याकडे परिस्थिती कितीही बिकट असो. हजारी किती, हे काढून रंगवा. आणि अक्राणी-अक्कलकुव्याचं क्षेत्र मोठं, वस्ती विरळ. तिथे अख्खा तालुका एका रंगात रंगवला की तो नकाशात खूप जागा व्यापतो, पण माणसं कुठे आहेत ते दिसत नाही.

आमच्याकडे महसुली गाव एक आणि पाडे कितीतरी, डोंगराच्या या अंगाला आणि त्या अंगाला. गावाचा ठिपका मध्यभागी पडतो तिथे कधीकधी एकही घर नसतं. रुग्णवाहिका किती लांब आहे याची बातमी तुम्ही गावाच्या ठिपक्यावरून मोजलीत तर ती खरी होणार नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशावर पाडे स्वतः नोंदवता येतात. ज्या गावाची बातमी करता त्याचे पाडे आधी तिथल्या माणसाला सोबत घेऊन नोंदवा. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं बाधित झाली. जुन्या फाइलींत मात्र त्यांतल्या जमिनी अजून कोरड्या दिसतात. म्हणून नकाशाखाली हद्दी कोणत्या वर्षाच्या आहेत ते लिहाच.

आणि कृपा करून बालमृत्यू, अत्याचार, एखाद्या आजाराचा रुग्ण यांचा ठिपका घरावर टाकू नका. छोट्या पाड्यात तर पाड्याचं नाव दिलं तरी घर ओळखू येतं. अशा वेळी तालुक्यावर थांबा. मोठ्या शहरात ठिपका गर्दीत लपतो, आमच्याकडे लपायला जागा नसते.

इकडे नेटवर्क डोंगरावर चढल्यावर मिळतं. इंटरॅक्टिव्ह नकाशासोबत प्रत्येक मंडळाचं किंवा तालुक्याचं एक साधं चित्रही द्या, ठळक अक्षरांत, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवता येईल असं. आमच्याकडे तेच पोहोचतं.

---

ऐनपूरकर

तिघांचे मनापासून आभार. ठिपका आणि आलेखाची गोष्ट तर लगेच करणार. काम सुरू केलं आणि पहिल्याच पायरीवर अडलो. मला मिळालेली मंडळनिहाय गावयादी जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये उघडली की अक्षरांचा काला होतो. हद्दींच्या फाइलमध्ये गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये. बुद्रुक, खुर्द, प्र. असं काहीकाही जोडलेलं. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत. नावावरून जोडायला गेलो तर निम्मी गावं सुटतात. आणि नकाशाखाली जो आधीच तयार पट असतो तो कोणता घ्यावा? काश्मीरची हद्द चुकीची दाखवली म्हणून त्रास होईल का?

---

वाघूरकाठ

दादा, नावावरून जोडूच नका. जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, आणि केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत, म्हणजे एलजीडीत, प्रत्येक गावाचा स्वतःचा कोड. तिथे जनगणनेचा कोडही सोबत मिळतो. गावयादी आधी फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मग प्रत्येक गावापुढे एलजीडी कोड लिहा. रावेर तालुक्यापुरतं हे काम हाताने होण्यासारखं आहे, तेव्हा हातानेच करा आणि बुद्रुक-खुर्दच्या जोड्या तलाठ्यांकडून तपासून घ्या. विम्याच्या बातमीत शेजारचं गाव भलत्या मंडळात पडलं तर एखादा शेतकरी अर्जच करायचा नाही. एक्सेलमध्ये कोडाचा रकाना मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर कोडाच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते गळून पडतं आणि जोड तुटते. वाचकाला दिसणारं नाव मात्र मराठीतलंच ठेवा, शोधही मराठीतच लागू द्या.

हवामान केंद्रांचे ठिपके टाकताना आधी रेखांश, मग अक्षांश. वेब नकाशाची जिओजेसन फाइल हाच क्रम मानते. जळगाव साधारण २१ अंश उत्तर, ७५.५ अंश पूर्व. उलटं लिहिलं की ठिपका नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जातो. बागेपासून केंद्राचं अंतर क्यूजीआयएसमध्ये मोजायचं असेल तर थर यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून घ्या, सगळा खानदेश त्याच झोनमध्ये येतो.

केळीबाग दादांनी सांगितलेला आलेखही याच साधनात बसतो. प्रत्येक मंडळाचा छोटा आलेख चित्र म्हणून तयार करा, फाइलला मंडळाच्या कोडचंच नाव द्या आणि तक्त्यातल्या एका रकान्यात ते नाव लिहा. मंडळावर बोट ठेवलं की चौकटीत चित्र उघडतं. रोज बदलायचं ते फक्त चित्र.

सीमेचं. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ओपनस्ट्रीटमॅपचा नेहमीचा पट प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे रेषा दाखवतो, त्यामुळे तो पूर्ण देशाएवढा लहान करता आला तर अडचण येते. तुम्हाला देश दाखवायचाच नाही. क्यूजीआयएस-टू-वेबमध्ये नकाशा किती लहान होऊ शकतो आणि कुठपर्यंत सरकतो याला मर्यादा घालता येते. पूर्वेला मुलताई, पश्चिमेला सुरत, उत्तरेला बैतूल, दक्षिणेला कन्नडचा डोंगर, एवढ्यावर थांबवा. तापीचं खोरं त्यात पुरेसं मावतं. विम्याच्या नकाशाला तर पट नकोच, गावांच्या हद्दी, नद्या आणि मुख्य रस्ते पुरे. पान हलकं होतं. जिथे ओपनस्ट्रीटमॅप वापराल तिथे त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख नकाशाच्या कोपऱ्यात राहू द्या, ती त्यांच्या परवान्याची अट आहे.

अक्राणी ताईंचं चित्राचं म्हणणं मी माझ्याही कामात लगेच घेतेय. क्यूजीआयएसमध्ये अ‍ॅटलस नावाची सोय आहे. एकदा मांडणी केली की प्रत्येक मंडळाचं वेगळं चित्र एकामागून एक आपोआप निघतं, वर मंडळाचं नाव, खाली गावांची यादी आणि तारीख. तारीख मोठ्या अक्षरात ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर मागच्या वर्षीचा पूर या वर्षी फिरतो.

कोड लिहून झाले की यादी इथे टाका, कोणत्याही फॉरमॅटमध्ये चालेल. मी हद्दींना जोडून परत देते. रावेरबरोबर मुक्ताईनगर आणि यावलचीही यादी मिळाली तर बघा, तापीच्या दोन्ही काठांची गावं एकाच फाइलमध्ये आली तर पावसाळ्याच्या नकाशाला तीच वापरता येईल.